लाईन गेली तेव्हा दोन-एक झालं होतं

परवा संध्याकाळी पानठेल्याशेजारच्या ओट्यावर कॅरम सुरू होता. जो आधी तीन बोर्ड जिंकेल त्याची मॅच. दोघांनी शंभर-शंभर काढून ठेल्यावाल्याच्या सुपारीच्या डब्याखाली दाबून ठेवले होते. एकीकडे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर काका, दुसरीकडे डाक्टर. आमचा डाक्टर पिकांचा. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकला, आता गावात कृषी केंद्र चालवतो, आणि कपाशीचं एक पान हातात घेतलं की वावरात काय चाललंय ते सांगतो. काका दोन बोर्ड जिंकले होते, डाक्टर एक. चौथ्या बोर्डाच्या सोंगट्या लावल्या, पावडर मारली, आणि लाईन गेली.

अर्धा तास वाट पाहिली. काकांचं जेवण आठला असते, ते काही चुकवत नाहीत. मग प्रश्न आला, दोनशे रुपये वाटायचे कसे?

"मॅच झालीच नाई तं वाटाचे कायले? आपापले शंभर उचला," मेंबर म्हणाले.

"वा! मी पुढं हावो ना," काका.

ठेल्यावाल्यानं कात लावता लावता निवाडा दिला. "दोन बोर्ड काकाचे, एक डाक्टरचा. तीन हिस्से करा. दोन याईले, एक त्याले."

मी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो, आणि खरं सांगतो, त्या अंधारात माझ्या अंगावर काटा आला. कारण नेमक्या याच भांडणातून संभाव्यतेचं गणित जन्माला आलं आहे. अर्धवट राहिलेल्या डावाचे पैसे कसे वाटायचे, यावर इटलीच्या लुका पाचोलीनं १४९४ साली छापलेलं उत्तर आणि आमच्या ठेल्यावाल्याचं उत्तर एकच आहे: जेवढे जिंकले त्या प्रमाणात. पुढे तार्ताल्या नावाच्या गणितज्ञानं त्यातली खोट दाखवली. समजा मॅच पन्नास बोर्डांची आहे आणि एकच बोर्ड झाल्यावर लाईन गेली. एक-शून्य. या हिशोबानं पहिला माणूस सगळेच पैसे घेऊन जाईल. हा न्याय झाला का?

बरोबर वाट सापडली ती १६५४ मध्ये, पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रांतून. मी काकांना म्हटलं, "मागं काय झालं ते सोडा. पुढचा एक बोर्ड झाला असता तर काय झालं असतं ते पहा. तुम्ही जिंकले असते तर पूर्ण दोनशे तुमचे. डाक्टर जिंकला असता तर दोन-दोन, म्हणजे शंभर-शंभर. शंभर तर तुमचे पक्केच. पुढचा बोर्ड जिंकायचा चान्स दोघांचा सारखा, म्हणून उरलेले शंभर अर्धे तुमचे, अर्धे त्याचे. तुमचे दीडशे, त्याचे पन्नास."

पास्कलनं दोन-एकचाच डाव घेऊन असंच मांडलं होतं, फक्त नाणी वेगळी.

"पण अर्धं-अर्धं काहून?" डाक्टर म्हणाला. "काका माह्यापेक्षा बरे खेळते." आक्षेप अगदी बरोबर होता. दोघं सारखे आहेत असं मी गृहीत धरलं होतं.

तेवढ्यात मोटरसायकलवर बसून मोबाईलचा टॉर्च धरलेला पोट्टा बोलला. "सर, असा हिशोब भरतीचा होते का?"

सगळे चूप. मागच्या आठवड्यात पोलीस भरतीची यादी लागली, त्यात तो एका मार्कानं राहिला. गावात कोणाला माहीत नाही असं नाही. हायवेपासून कालव्याच्या पुलापर्यंत आठशे मीटर भरतात, पुलाच्या कठड्यावर त्यानंच चुन्यानं रेघ मारली आहे. चार वर्षं पहाटे चारला उठून तो जाणं-येणं मिळून सोळाशे पळाला. शाळेमागं सव्वासात किलोचा गोळा टाकून टाकून जमिनीत एवढा खड्डा झालाय की पावसाळ्यात तिथे बेडकं बसतात. त्याचा बाप त्याला वाईट बोलत नाही, पण एक वाक्य रोज म्हणतो: एका मार्कानं गेलं म्हणजे कुठंतरी एका मार्काचा आळस केला.

हे वाक्य मला सहन होत नाही. वर्गात, पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे ऐकतो. म्हणून तिथेच ओट्यावर खडू घेतला.

भरतीत मैदानीचे पन्नास, लेखीचे शंभर. समजा एका पोराला जेवढं विचारलं जाऊ शकतं त्यातलं शंभरात ऐंशी पक्कं येतं. पण त्या सगळ्यातले कोणते शंभर प्रश्न पेपरात येतील, हे त्याच्या हातात नाही. त्याला न येणाऱ्या विसातले कधी जास्त येतील, कधी कमी. गणित सांगतं की असा पोरगा तीनपैकी दोन वेळा ७६ ते ८४ च्या दरम्यान राहील, आणि तिसऱ्या वेळी त्याच्याही बाहेर जाईल. पोरगा तोच, अभ्यास तोच, फक्त पेपर वेगळा. जिथे चार-चार मार्क असे आपोआप इकडंतिकडं होतात, तिथे एका मार्काला आळस म्हणायचं कसं?

पोट्ट्याला हे आवडलं नाही, आणि त्याचं न आवडणं मला पटलं. "म्हंजे नशीबच ना सर? मंग मी चार वर्षं सकाळी चारले उठलो ते कायले? झोपून रायलो असतो तं काय फरक पडला असता?"

"फार पडला असता. तू पन्नासवर होता, ऐंशीवर आला. ते तीस मार्क तुझे. पण त्या ऐंशीच्या आसपास हजारो पोट्टे उभे हायेत. तेही चारला उठतात, तीच टेस्ट सिरीज सोडवतात. मेहनतीतला फरक जेवढा कमी होत जातो, तेवढा नशिबाचा वाटा मोठा होत जातो. आधी गावातून दोघं जायचे, जो पळायचा तो लागायचा. आता सगळेच पळतात."

डाक्टरनं मान हलवली. "आमच्यात याले पिठातले किडे म्हणते." मग त्यानं सांगितलं ते मला नवीन होतं. शिकागोच्या थॉमस पार्क यांनी १९५४ साली पिठात होणाऱ्या लाल किड्यांच्या दोन जाती एकाच बरणीतल्या पिठात सोडल्या. उष्ण, दमट हवेत दरवेळी एक जात टिकली, दुसरी संपली. थंड, कोरड्या हवेत दरवेळी दुसरी टिकली. पण मधल्या हवेत, जिथे कोणालाच पक्का फायदा नव्हता, तिथे काही बरण्यांत ही जात उरली, काहींत ती. पीठ तेच, हवा तीच. कोणती जात उरणार, ते बरणीगणिक बदलत गेलं.

"आन् गुलाबी बोंडअळी?" मेंबरांनी विचारलं. हा विषय निघाला की आमच्या गावात कॅरम बाजूला राहतो. २०१७ ची कपाशी कोणी विसरलेलं नाही. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत अळी आणि सरकीचा भुगा.

"तिनं कायची मेहनत केली होती?" डाक्टर म्हणाला. "अळी मारणारं बीटी बियाणं आलं २००२ ले, दोन जीनवालं २००६ ले. करोडो अळ्या मेल्या. त्याईच्यातल्या एखादीले ते जहर पचवणारा बदल आधीच होता, आपोआप झालेला. तिले मालूमही नसन. बाकीच्या मेल्या, वावर तिचं झालं. म्हणून तं ते १२० ग्रॅमचं साध्या बियाण्याचं पाकीट देत होते, बांधाच्या कडेनं लावाले. साध्या कपाशीवर साध्या अळ्या जगतीन, त्या टिकलेल्या अळीसंग जोडी जमन, आन् तिचा तो गुण पातळ होत जाईन. कोण लावलं? मी इकतो, मले मालूम हाये. पाकीट धुऱ्यावर फेकून देत होते."

पूर्ण जिंकायला गेलो आणि हरलो, असं तो पुढे म्हणाला. मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते आधीचं. नशीब आणि स्पर्धा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. आधी नशीब पानं वाटून जातं, मग स्पर्धा त्यातलं एक उचलते, आणि उचललेल्याला आपण लायक म्हणतो.

मेंबर इतका वेळ ऐकत होते. त्यांना गावात अजून मेंबर म्हणतात, पण मागची ग्रामपंचायत ते हरले. मतं सारखी पडली होती, म्हणून ईश्वर चिठ्ठी निघाली. अंगणवाडीतल्या एका चिमुकलीनं बरणीत हात घातला.

"मी हरलो," ते म्हणाले, "पण गावात एकानं तरी म्हटलं का, मेंबर नालायक हाये म्हणून? उलट लोकं घरी आले. म्हणे, चिठ्ठी फिरली, तुमचा काय दोष. आन् हा पोट्टा एका मार्कानं राहिला तं याचा बाप याच्यासंग धड बोलत नाई."

त्या अंधारात आम्ही जे शोधत होतो ते मेंबरांनी उचलून समोर ठेवलं. चिठ्ठीत नशीब उघडं दिसतं. लहान पोरीचा हात, बरणी, घडी केलेला कागद. मार्कात तेच नशीब आकड्याच्या आत शिरून बसतं आणि बाहेरून लायकीसारखं दिसतं. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत एका वॉर्डात अशीच बरोबरी झाली, चिठ्ठीनं भाजपचे अतुल शहा निवडून आले. तेव्हा समोरचा उमेदवार कमी लायक ठरला असं कोणी म्हणालं नाही. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ च्या विधानसभेला काँग्रेसचे सी. पी. जोशी मात्र एका मतानं पडले, आणि ते एक मत आजही त्यांच्या नावाला चिकटलेलं आहे. चिठ्ठी आणि एक मत यांत तसा कितीसा फरक?

तामिळनाडूत उत्तरमेरूरला चोळांच्या काळातले शिलालेख आहेत, इसवी सन ९२० च्या आसपासचे. गावसभेच्या समित्या कशा निवडायच्या ते दगडावर कोरलंय. आधी अटी: वय पस्तीस ते सत्तर, स्वतःची जमीन, स्वतःच्या जागेवर घर, शिक्षण. हिशोब न देणारा बाद, त्याचे नातलगही बाद. या चाळणीतून जे उरतील त्यांची नावं ताडपत्रावर लिहून मडक्यात टाकायची आणि लहान पोराकडून एक काढायचं. नेदरलँड्समध्ये तर मेडिकलच्या जागाही कित्येक वर्षं सोडतीनं देत. ज्याचे मार्क जास्त, त्याचं नाव निघण्याची शक्यता जास्त, पण शेवटी सोडतच. आपल्याकडे २०२० च्या नीटला दोघांना ७२० पैकी ७२० पडले. पहिला कोण? ज्याचं वय जास्त तो.

"मले हे पटत नाई," डाक्टर म्हणाला. "चिठ्ठ्याच काढाच्या तं पोट्टे पळन काहून?"

त्याचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. भरती सोडतीनं करा असं मी म्हणतही नाही. मला एवढंच हवं आहे की एका मार्कानं राहिलेल्या पोराकडे गावानं मेंबरांसारखं पाहावं. चिठ्ठी फिरली, तुझा काय दोष. माझ्या वर्गातून गेलेले दोन पोरं अशाच यादीनंतर ओट्यावर यायचे बंद झाले. एक पुण्याकडं कंपनीत लागला. दुसरा गावातच आहे, पण दिवसा दिसत नाही.

काका जेवायला जायचं विसरले होते. त्यांनी तंबाखू मळली आणि नळाची गोष्ट काढली. कौंडण्यपूर आमच्याकडून जवळ, दमयंतीचं माहेर ते, म्हणून ही गोष्ट इकडं घरची वाटते. फाशांत राज्य हरलेला नळ, ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन विदर्भाच्या वाटेवर रथ हाकतोय. वाटेत बेहड्याचं झाड लागते. राजा नुसतं पाहून सांगते, या दोन फांद्यांवर २०९५ फळं हायेत. नळ झाड तोडून मोजते, बरोबर निघते. मग राजा त्याला फाशांची विद्या देते, बदल्यात घोड्यांची विद्या घेते. नळ जाऊन गेलेलं राज्य परत जिंकते.

"फासे शिकता येते, एवढंच मले मालूम," काका म्हणाले.

जुन्या काळी बेहड्याचीच फळं फासे म्हणून वापरायचे. ज्या झाडानं नळाला बुडवलं त्याच झाडाखाली बसून तो मोजायला शिकला, आणि तेही आमच्याकडे येता येता. मेळघाटात बेहडे अजून रग्गड आहेत.

पोट्टा माझ्याकडे वळला. "मंग मोजा सर. मले अजून तीन चान्स हायेत, वयात बसते तोवर."

मी टाळलं नाही. "तुझा अभ्यास आणि कट-ऑफ इतके जवळ आहेत, तर एका वेळी लागण्याची शक्यता शंभरात चाळीस धरू. राहण्याची साठ. तिन्ही वेळा राहण्याची साठ टक्क्यांचे साठ टक्के, त्याचेही साठ टक्के. शंभरात बावीस."

त्यानं मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर स्वतः करून पाहिलं. ०.२१६.

"म्हंजे माह्यासारखे पाच जण असले, तं चार कधी ना कधी लागतीन. एक राहीन."

"हो."

"आन् तो एक कमी मेहनत करणारा असन असं नाई."

"नाही. तो कोण, हे आज कोणालाच सांगता येत नाही."

काकांनी डब्याखालून दीडशे घेतले, पन्नास डाक्टरला दिले. लाईन अजून आली नव्हती. पोट्ट्यानं गाडीला किक मारली, हेडलाईट ओट्यावरच्या खडूच्या आकड्यांवर पडला, आणि तो तसाच थांबला.

"सर, हे पाचातल्या एकाचं बापाले सांगता का? मी सांगतलं तं आयकत नाई. कापूस वेचाले सातले निघते तो. त्याच्या आधी या, च्या घ्याले."

मी साडेसहा म्हटलं.