टाइलवरचे गृहस्थ

आमच्या न्हाणीघरात एक गृहस्थ राहतात. नळाच्या वर, डावीकडून तिसऱ्या टाइलवर. दोन तपकिरी डाग म्हणजे डोळे, मधली चीर म्हणजे नाक आणि खाली साबणाच्या पाण्याने उमटलेलं, नापसंतीने वाकडं झालेलं तोंड. सहा वर्षं ते कधी दिसले नव्हते. एका सकाळी डोळ्यांतला फेस पुसताना दिसले, आणि तेव्हापासून मी एकट्याने अंघोळ केलेली नाही.

बायको म्हणाली, "अहो, डाग आहेत ते."

डाग आहेत हे मलाही कळतं! पण मेंदूत चेहरे ओळखणारं एक खास खातं असतं, आणि तिथला कारकून महाउतावीळ. दोन ठिपके आणि खाली एक रेघ दिसली, की सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आत 'चेहरा' असा शिक्का मारून मोकळा. चौकशी मागाहून. याला पॅरिडोलिया म्हणतात. झुडपाला वाघ समजलं तर नुसती धावपळ होते, वाघाला झुडूप समजलं तर तीही करायला उरत नाही; म्हणून ही घाई अंगवळणी पडली असावी. प्रयोगात माकडांनाही वस्तूंमध्ये चेहरे दिसल्याचं आढळलं आहे. (हे बायकोला सांगायला नको होतं.)

१९७६ साली वायकिंग-१ यानाने मंगळावरचा एक चेहरा टिपला होता. २००१ मध्ये दुसऱ्या यानाने त्याचा स्वच्छ फोटो काढला, तर ती निव्वळ टेकडी निघाली. चेहरा ऊन-सावलीने केलेला. हा धडा घेऊन मी न्हाणीघरात दुप्पट उजेडाचा दिवा लावला. गृहस्थांच्या कपाळावरच्या आठ्याही दिसू लागल्या.

मग मी बायकोला बोट लावून डोळे, नाक, तोंड दाखवलं. ती म्हणाली, "बाईसुद्धा असेल." मी म्हटलं, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना असले चेहरे बहुतेक पुरुषांचेच वाटले होते. ती काहीच बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेली. आतून कडी लागली. क्षणभराने आवाज आला, "अहो, जरा तिकडे तोंड करा."

मी बाहेरून ओ दिली.

"तुम्हाला नाही हो!"