अजून 'अ'वरच

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एकाने पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या संस्कृत शब्दकोशाची जुनी बातमी टाकली. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. काम १९४८ साली सुरू झालं, ३५ खंड निघाले आणि गाडी 'अ'वरच. "यांना इन्क्रिमेंट कशाचं मिळतं रे?" एकाने विचारलं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

रात्री मात्र डोक्यातून जाईना. डॉ. सु. मं. कत्रे यांनी हे काम हाती घेतलं तेव्हा ठरवलं काय होतं, तर ऋग्वेदापासून पार एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचायचे, त्यातला शब्द न् शब्द टिपायचा आणि प्रत्येकाचा अर्थ काळाप्रमाणे कसा बदलत गेला ते उदाहरणांसह दाखवायचं. पहिली पंचवीस वर्षं नुसत्या चिठ्ठ्या लिहिण्यात गेली. हाताने. एक शब्द, एक चिठ्ठी, खाली कुठल्या ग्रंथात कुठे आला ते. अशा जवळपास एक कोटी चिठ्ठ्या जमल्या. पहिला खंड डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली निघाला तो १९७६ साली. म्हणजे सुरुवातीला जो पंचविशीचा पोरगा चिठ्ठ्या लिहायला बसला असेल, त्याने पहिलं छापील पान पाहिलं तेव्हा त्याची पन्नाशी उलटून गेलेली.

आणि 'अ'वर अडकल्याची जी गंमत आपण करतो ना, तिचं उत्तर संस्कृतातच आहे. अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे सगळे उपसर्ग 'अ'चे. शिवाय ज्याला 'अ' किंवा 'अन्' लावून उलटं करता येतं तो प्रत्येक शब्द इथेच येऊन बसतो. धर्माची पाळी यायची तेव्हा येईल, अधर्म आधी. ज्ञान लांब आहे, अज्ञान दारातच उभं. (हे वाक्य ग्रुपवर टाकलं. एकही इमोजी नाही.)

इतकी वर्षं का लागली, माणसं किती, निधी किती, हे प्रश्न विचारूच नयेत असं नाही. विचारावेत. चिकाटीच्या नावाखाली आपल्याकडे ढिलाईही खपते, सरकारी कचेरीत गेलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. पण मला हल्लीच्या त्या 'एकवीस दिवसांत आयुष्य बदला' छापाच्या रीलांचा खरंच कंटाळा आलाय. त्यात शेवट आधीच ठरलेला असतो. पोट सपाट झालेलं, स्टेजवर टाळ्या. शेवट आपल्या वाट्याला येणारच नाही हे माहीत असताना सकाळी येऊन खुर्चीत बसणाऱ्याबद्दल तिथे कुणी बोलत नाही.

भांडारकर संस्थेतल्या महाभारताचंच बघा. चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे जुन्या हस्तलिखितांवरून मूळाच्या जवळचा पाठ ठरवण्याचं काम १९१९ साली सुरू झालं. १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. वि. सी. सुखटणकरांनी १९२५ मध्ये सूत्रं हाती घेतली, पद्धत बसवली, आदिपर्व आणि आरण्यकपर्व स्वतः संपादित केलं आणि १९४३च्या जानेवारीत ते गेले. काम पुरं झालं १९६६ साली. मधली तेवीस वर्षं दुसऱ्यांनी ओढली, सुखटणकरांनी बसवलेल्या पद्धतीने. त्यातल्या किती जणांची नावं आपल्याला येतात? मला दोन-तीन.

हे सगळं मला एवढं का लागलं, तर घरात पणजोबांची जमाखर्चाची एक वही आहे, मोडीतली. लॉकडाऊनमध्ये मोठ्या हौसेने मोडीचा क्लास लावला, सहा आठवड्यांत सोडला. पुन्हा लावला, पुन्हा सोडला. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि अक्षरं तिला टांगत जायची, शब्द कुठे संपला ते आपलं आपण ओळखायचं. आंधळी कोशिंबीर. तिसऱ्या वेळी क्लास वगैरे काही नाही. रविवारी सकाळी चहा झाला की एक पान, बस्स. लग्नकार्य, आजारपण आलं की रविवार बुडतो, त्याचं वाईट वाटून घ्यायचं मी सोडून दिलंय. दोनशेच्या आसपास पानं आहेत, सध्या ३७व्यावर आहे. त्यातली निम्मी तेल, गूळ आणि कुणाकडून तरी येणं असलेले बारा आणे.

बायको म्हणते, "एवढं करून निघणार काय त्यातून?" खरं सांगायचं तर बहुतेक काहीच नाही.

गेल्या रविवारी एका शब्दाशी अडलो. तीन अक्षरं, बहुतेक एखाद्या जिनसाचं नाव. भिंग लावलं, फोटो काढून मोठा करून पाहिला, लागेना. क्लासच्या जुन्या सरांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "सोडा आणि पुढं चला. पुढच्या एखाद्या पानावर हाच शब्द नीट लिहिलेला भेटेल."

आज ३८वं पान काढलं. नाही भेटला.