‘नाव घेतलं नव्हतं’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

माझ्या मागच्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली आणि चार दिवस उत्तर दिलं नाही. पहिल्या दिवशी दिलं असतं तर रागात दिलं असतं. राग अजून गेलेला नाही, पण आता निदान नीट लिहिता येईल.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 2013 च्या संक्रांतीत, माझा धाकटा भाऊ ज्या सायकॉलॉजिस्टबाईंकडे जात होता त्यांनी बडोद्यातल्याच एका हळदीकुंकवात त्याची हकीकत बोलून दाखवली. त्यानंतर त्याने उपचार सोडले. यावर आपण लिहिलंत: “ताई, भावनेच्या भरात लिहिलेला लेख आहे. 2017 चा कायदा तेव्हा नव्हताच. त्या बाईंनी नाव घेतलं नव्हतं, मग गोपनीयता मोडली कुठे? आणि गोपनीयता निरपवाद नसते, टॅरासॉफ खटला वाचा. तक्रार तरी केली होती का? अशा लेखांनी लोक मदत घ्यायचे थांबतील. थोडा अभ्यास करून लिहीत जा. मी या व्यवसायात बावीस वर्षं आहे. आणि भावाची गोष्ट जगापुढे मांडताना तुमची गोपनीयता कुठे गेली?”

कायद्याचं आपलं म्हणणं बरोबर आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा, तो लागू झाला 2018 मध्ये, आणि घटना 2013 ची. मी ‘कायदा मोडला’ असं लिहायला नको होतं. ते वाक्य काढलं आहे.

पण ‘भावनेच्या भरात’? ज्यांच्यासमोर माणसं रोज रडायला बसतात त्यांनी ‘भावना’ हा शब्द ठपका म्हणून वापरावा, हे मला फार लागलं. आणि ‘ताई’ मला माझा भाऊ म्हणतो. आपली माझी ओळख नाही. समोरच्याला आधी ताई म्हणून खाली बसवायचं आणि मग अभ्यास करायला सांगायचं, ही पद्धत बावीस वर्षांत कुणीतरी आपल्या लक्षात आणून द्यायला हवी होती.

आता ‘नाव घेतलं नव्हतं’. आपण कुठे राहता मला माहीत नाही. मी दांडिया बाजारात वाढले. इथली मराठी घरं गायकवाडांच्या काळापासूनची, एकमेकांच्या मुंजी-लग्नांना गेलेली. कोणाचा मुलगा कितव्या वर्षाला अडकलाय हे सुरसागर तलावाला एक फेरी मारेपर्यंत कळतं. माझा भाऊ मुद्दाम शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचा, स्कूटर दोन गल्ल्या अलीकडे लावून. आणि त्या बाई सोळा-सतरा बायकांत बसून म्हणाल्या, “नाव नाही सांगत, पण आपल्या दांडिया बाजारातलाच मुलगा आहे, इंजिनिअरिंगला दोनदा राहिलाय, आई शिकवण्या घेते, आणि हा जीव द्यायचं बोलतो.” (खुणेचे दोन तपशील मी लेखातही बदलले होते आणि इथेही बदलले आहेत. त्या बोलल्या ते याहून नेमकं होतं.) एवढ्या खुणा दिल्यावर नाव घ्यायची गरज कोणाला उरते?

माझी आई त्या खोलीत होती. त्या बाईंनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. आईला तोवर एवढंच ठाऊक होतं की मुलगा ‘अभ्यासाच्या टेन्शनसाठी’ कुणाकडे जातो. जीव द्यायचं तिला तिथे कळलं. ती घरी आली आणि वाणात मिळालेली स्टीलची वाटी तिने ओट्यावर ठेवली. तिळगूळ कागदात तसाच होता. पायांत चपला होत्या. स्वयंपाकघरात चपला घालून उभी असलेली आई मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

टॅरासॉफ मी वाचलाय. कॅलिफोर्नियात एका विद्यार्थ्याने थेरपिस्टजवळ एका मुलीला मारणार असल्याचं सांगितलं. थेरपिस्टने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं, पण तिला कोणी सावध केलं नाही, आणि 1969 मध्ये तिचा खून झाला. 1976 च्या निकालात कोर्टाने म्हटलं की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला वाचवण्यासाठी पावलं उचलणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे. आपल्या 2017 च्या कायद्याचं 23 वं कलमही असा अपवाद ठेवतं: जीव वाचवण्यासाठी माहिती देता येते, पण गरजेपुरतीच. मग द्यायची होती ना! त्याच संध्याकाळी आमच्या घरी फोन करायचा, आईवडिलांना बोलावून घ्यायचं, मुलाला समोर बसवून सांगायचं. आम्ही त्यांचे पाय धरले असते. घरी फोन एकदाही आला नाही आणि हळदीकुंकवात मात्र सगळं सांगून झालं. हा अपवाद तुम्ही त्यांच्या बाजूने कसा लावता?

आणि गोपनीयता काही 2017 साली जन्माला आली नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची पहिली नीतिसंहिता 1953 ची. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी ठेवणाऱ्या रिहॅबिलिटेशन कौन्सिलचा 1992 चा कायदा आहे, आणि व्यवसायाची आचारसंहिता मोडली तर रजिस्टरमधून नाव काढायची तरतूद त्यात आहे. बावीस वर्षं या व्यवसायात असलेल्या माणसाला हे मी सांगायचं का?

तक्रार केली नाही. ती करायची तर भावाला सगळं पुन्हा कागदावर लिहून सही करावी लागली असती. तो वीस वर्षांचा होता. तो म्हणाला, “ताई, परत एकदा कोणालातरी सांगायचं?” मी पुढे बोलले नाही. ‘लोक मदत घ्यायचे थांबतील’ याचं उत्तर त्या बाईंकडे मागा. माझ्या घरातला माणूस माझा लेख वाचून थांबला नव्हता.

शेवटी आपण विचारलंत की भावाची गोष्ट जगापुढे मांडताना माझी गोपनीयता कुठे गेली. लेख छापायच्या आधी तो त्याच्यासमोर ठेवला होता. त्याने दोन दिवस घेतले, एक परिच्छेद काढायला सांगितला, तो मी काढला. हे उत्तरही त्याने वाचलं आहे.

कायद्याचं वाक्य दुरुस्त झालं आहे. बाकी लेख आहे तसाच राहील.