लेडीज म्हणजे नक्की कोण?

आमच्या बसचा कंडक्टर मला रोज "ओ लेडीज, पुढे सरका" म्हणतो. मी एकटीच असते, तरी लेडीज. आपल्याकडे लेडी कधी एकटी नसतेच मुळी, "थांब रे, एक लेडीज चढतायत" असंच. आदरार्थी अनेकवचन हो, आणि आदर तिथेच संपतो, कारण 'स्त्रियांसाठी राखीव' लिहिलेल्या पाटीखाली एक काका रोज गाढ झोपलेले असतात आणि त्यांचा स्टॉप आला की बरोब्बर जाग येते.

तर परवा अशीच तासभर लटकत घरी आले, परात घेतली, कणीक झाली सैल, म्हणून पीठ टाकलं तर झाली दगड, मग पाणी, मग परत पीठ, असं करत चौघांची कणीक अख्ख्या वऱ्हाडाला पुरेल एवढी झाली. मनगटापर्यंत हात बरबटलेले आणि लेक विचारते, "आई, लेडी शब्द कुठून आला गं?" म्हटलं मोबाईलमध्ये बघ, मला काय विचारतेस.

तिने बघितलं आणि हसायलाच लागली. जुन्या इंग्रजीत म्हणे तो 'ह्लॅफ्डिये' असा काहीतरी होता, तोंडात पीठ धरून बोलल्यासारखा. ह्लाफ म्हणजे पाव, आताचा लोफ, आणि पुढचं म्हणजे मळणारी. हजार वर्षांपूर्वी इंग्लंडात घरची मालकीण म्हणजे पावाचं पीठ मळणारी! लॉर्ड म्हणजे ह्लाफवेअर्ड, पाव राखणारा. आणि घरातला नोकर ह्लाफॅटा, पाव खाणारा. आमच्याकडचा राखणारा सोफ्यावर रिमोट राखत होता आणि खाणारी समोर मोबाईल घेऊन उभी. पुढे तिकडे तोच शब्द सरदारांच्या बायकांचा किताब झाला, त्यांचं मळायचं सुटलं असेल, माझं कुठे सुटलंय? आणि कहर म्हणजे त्या मळण्याचा मूळ धातू आपल्या संस्कृत 'देह'च्याच कुळातला निघाला, म्हणजे पीठ मळता मळता देह झिजतो ते उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी काका नेहमीसारखे झोपलेले. मी वाकून म्हटलं, "काका, लेडीज म्हणजे काय माहितीये? कणीक तिंबणारी."

एक डोळा उघडला. "कुणाची?"

मी काही बोलले नाही, नुसती पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. काका उठले.

"बसा लेडीज," कंडक्टर म्हणाला.