हायब्रीड वाघ

आमचं चोपड्यात बी-बियाण्याचं दुकान. परवा एक आप्पा कपाशीचं पाकीट उलटसुलट करून वाचता वाचता थांबले आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. "भाऊ, हाऊ देखा, हायब्रीड वाघ!"

रीलमध्ये दांडगं जनावर. अंगावर फिकट पट्टे, मानेला विरळ आयाळ. खाली लोक 'निसर्गाचा चमत्कार' म्हणून हात जोडतायत.

कसला निसर्ग? तो लायगर. बाप सिंह, आई वाघीण. उलट जोडी असली तर टायगॉन. आपल्या देशात जंगली सिंह राहतो गीरकडे, तिथे वाघ नाही. ही सोयरीक पिंजऱ्यातच जुळते आणि मध्यस्थ माणूसच असतो.

आप्पांना वाटलं, कपाशीसारखा संकराचा जोम असेल, म्हणजे दोन जाती मिसळल्या की येते ती जादा वाढ. पण मग टायगॉनही तसाच वाढायला हवा ना? तो सहसा वाढत नाही. सिंह बापाकडून वाढ रेटणारी जनुकं येतात, त्यांना सिंहीण आईकडून जो लगाम बसतो तो वाघिणीकडून बसत नाही, असं अभ्यासक मानतात. हर्क्युलस नावाचा लायगर ४१८ किलो भरला होता!

आपणही यात मागे नव्हतो. कोल्हापुरात १९१० साली बिबट्या आणि सिंहिणीची दोन पिल्लं जन्मली. एक अडीच महिन्यांतच गेलं. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात तर १९७१ साली जन्मलेल्या रुद्राणी या टायगॉन मादीला पुढे सिंहापासून सात पिल्लं झाली. माद्यांना होतात कधी कधी, नर मात्र वांझ.

मी स्वतः हायब्रीड विकून पोट भरतो, त्यामुळे संकराला नावं ठेवणार नाही. पण संकरित कपाशी शेतकऱ्याला चार क्विंटल जास्त मिळावेत म्हणून केली. लायगर कशासाठी? तिकिटासाठी. त्यातून जंगलात एक वाघ वाढत नाही की एक सिंह. आणि आपल्या जळगाव जिल्ह्यात, मुक्ताईनगरकडे डोलारखेड्याच्या बाजूला खरा पट्टेदार वाघ केळीच्या बागांतून फिरतो, त्याचं कौतुक कुणाला? आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, म्हणून सांगितलं तरी लोक म्हणतात, "बिबट्या असेल."

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे यानं बी धरता येत नही?"

"नाही आप्पा."

"मंग दरसाल नवीनच लेनं पडी. तुमनाच धंदा हाऊ!"

आणि दोन पाकिटं उधारीवर घेऊन गेले.