रोज दहा शब्द पाठ करून 'गॅर्युलस' होण्यापूर्वी

गेल्या आठवड्यात इंग्रजी शब्दसंग्रह वाढवण्याचा तो फॉरवर्ड मजकूर एकाच दिवशी मला चार ठिकाणांहून आला. घोडबंदर रोडच्या मावसबहिणीकडून, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, माझ्या क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर, आणि शेवटी ऐरोलीत नोकरी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून. पहिल्या तिघांना मी नमस्काराचं चित्र पाठवून मोकळी झाले. चौथ्याने मात्र खाली विचारलं होतं, "मॅडम, हे खरंय का? मी वही आणलीय." वही आणलीय म्हटल्यावर उत्तर द्यायलाच हवं.

ज्यांच्याकडे तो मजकूर अजून पोचला नसेल (असे कोणी ठाण्यात उरले असतील असं वाटत नाही), त्यांच्यासाठी त्यातले दावे सांगते. इंग्रजीत दहा लाख शब्द आहेत आणि तुम्हाला जेमतेम दोन हजार येतात, म्हणून तुम्ही मागे. रोज दहा अवघड शब्द पाठ करा, वर्षात ३,६५० होतील. पन्नास लॅटिन-ग्रीक धातू, म्हणजे शब्दांची मुळं, शिका, पाच हजार शब्द आपोआप कळतील. साधे शब्द सोडा, भारदस्त वापरा, मुलाखतीत छाप पडेल. आणि मराठी अर्थ बघूच नका, डोक्यातून मराठी काढून टाका.

दहा लाखांचं आधी उरकते. तो आकडा २००९च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीने गाजवला होता. इंग्रजीचा दहा लाखावा शब्द जन्मला म्हणून तिने तारीखसुद्धा जाहीर केली, आणि भाषाशास्त्रज्ञांनी तिची यथेच्छ टिंगल केली. ऑक्सफर्डच्या १९८९च्या वीस खंडी कोशात वापरातले शब्द सुमारे १ लाख ७१ हजार आणि मोडीत निघालेले ४७ हजार आहेत. ते सगळे कुठल्याच इंग्रजाला येत नाहीत. आपल्या कामाचा आकडा वेगळा आहे. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६मध्ये हिशोब मांडला, की इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र अडखळल्याशिवाय वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. एका कुटुंबात मूळ शब्द आणि त्याची रूपं एकत्र धरायची. अडखळल्याशिवाय म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. म्हणजे डोंगर आहे, पण हिमालय नाही. आणि इंजिनिअरिंग, कॉमर्सची पुस्तकं वाचणाऱ्या पोरांसाठी तर अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची २०००ची यादी आहे, अवघ्या ५७० कुटुंबांची. अझ्यूम, डिराइव्ह, सिग्निफिकंट असे शब्द. शैक्षणिक मजकुराचा सुमारे दहावा हिस्सा एवढ्यांनीच भरतो. या यादीत भारदस्त म्हणावं असं काही नाही, म्हणून ती कोणी फॉरवर्ड करत नाही.

आता रोजचे दहा. ३६५ गुणिले दहा हे गणित बरोबर आहे, फक्त डोकं म्हणजे पोस्टाचं बचत खातं नाही. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून आपण किती विसरतो ते मोजलं आणि १८८५ साली छापलं. विसरणं पहिल्या काही तासांतच सगळ्यात जास्त होतं, आणि अंतरा-अंतराने उजळणी केली तर ते रोखता येतं. म्हणजे रोजच्या दहांच्या मागे कालचे, परवाचे, मागच्या आठवड्याचे असे तीस-चाळीस उभे असतात. त्यांना वेळ द्यायचा तर नवे दहा झेपत नाहीत. तीन-चार झेपतात.

शिवाय या याद्या एकाच अर्थाचे शब्द एका ओळीत बसवतात. लोक्वेशस, गॅर्युलस, व्हर्बोस, सगळे 'बोलके'. एकत्र पाठ केले की ते एकमेकांत मिसळतात. जत्रेत जुळ्यांना एकदमच भेटावं आणि नंतर कोण राम, कोण शाम ते कळू नये, तसं. आणि नुसते डोळ्यांनी पाठ केलेले शब्द तोंडात आले की आणखी गंमत होते. 'इपिटमी'ला 'एपिटोम' आणि 'हायपर्बली'ला 'हायपरबोल' म्हणणारी हुशार मुलं मी दर बॅचला पाहते. त्यांनी तो शब्द कधी ऐकलेलाच नसतो.

मुळात हे यादीचं वेड आलं कुठून? अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांच्या जीआरई परीक्षेत पूर्वी विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांचे प्रश्न असत. तिथे शब्द नुसता ओळखला की गुण मिळत. ऑगस्ट २०११पासून ते दोन्ही प्रकार परीक्षेतून गेले. परीक्षा बदलली, आमच्या याद्या तशाच राहिल्या.

धातूंचा दावा मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात अर्धं खरं आहे. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना तो श्लोक आठवेल: "उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते। प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥" धातू एकच, हृ. पण आहार म्हणजे जेवण, विहार म्हणजे भटकंती, संहार म्हणजे सर्वनाश. 'हृ म्हणजे नेणे' एवढं पाठ करून कोणी या तिघांचा अर्थ ओळखून दाखवावा, मी त्याला मामलेदारची मिसळ देईन. इंग्रजीतही हेच. होमो सेपियन्समधला 'होमो' लॅटिन, अर्थ माणूस. होमोजीनियसमधला ग्रीक, अर्थ सारखा. 'पेड'चंही तसंच: पेडेस्ट्रियनमध्ये (पादचारी) पाय आहे, पीडिअ‍ॅट्रिशनमध्ये मूल. 'इन' म्हणजे 'नाही' हे शिकलेला मुलगा ठाणे-बेलापूर रोडवरच्या टँकरमागे 'हायली इन्फ्लेमेबल' वाचून निर्धास्तपणे विडी पेटवेल, आणि त्या शब्दाचा अर्थ 'चटकन पेट घेणारा' असा आहे.

मग धातू शिकू नयेत का? शिकावेत, पण अर्थ कळल्यानंतर, लक्षात ठेवायला. 'स्पेक्ट'मध्ये पाहणं आहे. मग सस्पेक्ट म्हणजे खालून, चोरून पाहणं, हे एकदा ऐकलं की विसरत नाही. धातूने शब्द ओळखायचा नसतो, पक्का करायचा असतो.

भारदस्त शब्दांच्या दाव्यावर मात्र मला राग आहे, कारण त्याची किंमत माझ्या एका विद्यार्थिनीने मोजली. कळव्याची मुलगी, इंग्रजी बऱ्यापैकी. मुलाखतीत तिला स्वतःबद्दल सांगायला सांगितलं. तिच्या यादीत 'गॅर्युलस: बोलका' असं होतं. तिने सांगितलं, "आय अ‍ॅम गॅर्युलस." समोरचे गृहस्थ हसले आणि पुढच्या प्रश्नाला गेले. बोलकी नव्हे, आपण 'वाचाळ आहे, फुकटची बडबड करते' असं सांगून आलो, हे तिला घरी आल्यावर कळलं. साधा 'टॉकेटिव्ह'सुद्धा तिथे चालला नसता म्हणा. 'आय एन्जॉय टॉकिंग टू पीपल' हे दहावीचं वाक्य उत्तम चाललं असतं.

शब्दाला अर्थ असतो, तसा वासही असतो आणि गोतावळाही. गोतावळ्याचं आपल्याला मराठीत कोणी शिकवावं लागत नाही. झोप गाढ, धुकं दाट, दही घट्ट, रंग गडद. चारही शब्द जवळपास एकाच घरातले, पण 'उपवन तलावावर सकाळी घट्ट धुकं होतं' म्हणा, आजूबाजूचे तुमच्याकडे बघतील. इंग्रजीत चहा स्ट्राँग, पाऊस हेवी, धुकं थिक, झोप साउंड. 'पॉवरफुल टी' व्याकरणाने निर्दोष आहे, तरी कोणी म्हणत नाही. यादी तुम्हाला शब्द देते, पण त्याचे सोयरे देत नाही.

आणि वजन. १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, तेव्हापासून तिथल्या दरबारात फ्रेंच आणि चर्चमध्ये लॅटिन, घरात मात्र इंग्रजी. त्या वाटणीच्या खुणा अजून आहेत: आस्क घरगुती, क्वेश्चन फ्रेंचमधून आलेला, इंटरॉगेट लॅटिन आणि पोलीस चौकीतला. आपल्याकडे पाणी, जल, उदक आहे तसंच. गावदेवी मंडईत 'थोडं उदक मिळेल का' असं विचारणाऱ्याचं मराठी प्रगत आहे असं भाजीवाल्या मावशी म्हणणार नाहीत. वेगळंच काहीतरी म्हणतील.

जाता जाता एक. ऑक्सफर्डच्या त्या वीस खंडांत सर्वांत लांब नोंद कुठल्या शब्दाची होती? 'सेट'. इंग्रजीत तीन अक्षरं. अशाच छोट्या शब्दांनी बनलेले पुट अप विथ, गेट ओव्हर, लुक इन्टू हे ज्याला सहज वापरता येतं त्याचं इंग्रजी मी प्रगत समजते.

राहिला मराठी काढून टाकण्याचा सल्ला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या पिढ्यान्‌पिढ्या मराठीतूनच इंग्रजी शिकल्या, तेव्हा एवढं घाबरायचं कारण नाही. 'रिलक्टंट'ची इंग्रजी व्याख्या तीनदा वाचूनही जे उतरत नाही ते 'कां-कूं करणारा' म्हटल्यावर क्षणात उतरतं. फ्रुगल म्हणजे काटकसरी, स्टिंजी म्हणजे चिक्कू. दोन शब्दांतला फरक मराठीने दोन शब्दांत सांगितला. उलट धोका आहे तो मराठीत शिरून अर्थ बदललेल्या इंग्रजी शब्दांचा, आणि त्याबद्दल फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही. आपल्याकडे नापास झालेला मुलगा 'नर्व्हस' होतो, म्हणजे हिरमुसतो. इंग्रजीत नर्व्हस म्हणजे निकालाआधी पोटात गोळा येतो तो. आपला पेशंट 'सिरीयस' असतो, त्यांच्याकडे त्याची प्रकृती सिरीयस असते. पेशंट सिरीयस म्हटलं तर तो हसत नाही एवढंच कळतं. आपण वर्गात 'डाउट' विचारतो, तर बाहेरचा समजतो की याला माझ्या बोलण्यावरच शंका आहे. आधीच येतात असं वाटणारे हे शे-दोनशे शब्द पुन्हा तपासणं, हा मी प्रत्येक बॅचचा पहिला महिना ठेवते. पालकांना तो महिना फुकट गेल्यासारखा वाटतो.

तर ऐरोलीच्या त्या मुलाला मी काय कळवलं? वही ठेव, यादी फेक. दिवसाला तीन शब्द, आणि तेही स्वतः वाचलेले किंवा ऐकलेले. शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य अख्खं लिही, कोण कोणाला म्हणालं ते लिही, बाजूला मराठी. तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि महिन्याने मराठी बाजू झाकून बघ.

दोन दिवसांनी त्याने पहिल्या पानाचा फोटो पाठवला. ठाण्याला ट्रान्सहार्बरच्या फलाटावर गाडीची वाट बघताना लिहिलेलं. "डीपली रिग्रेटेड. रेल्वे, प्रवाशांना. गाडी उशिरा. मराठीत: दिलगीर आहोत." खाली त्याने स्वतःच्या मनाने एक ओळ जोडली होती: "कोणाच्या पायावर पाय पडला तर असं म्हणायचं नाही, तिथे सॉरी." आणि शेजारी गाडी किती मिनिटं उशिरा आली तो आकडा, तो का, ते मी विचारलं नाही.