मावशीचा पाटा

आज सकाळी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने पोस्टर टाकलं. वाळवंट, इस्रायलचा निळा-पांढरा झेंडा आणि वर ठसठशीत मराठीत, 'दोन हजार वर्षं वाट पाहिली पण देश मिळवलाच! आपण कधी शिकणार?' खाली टाळ्यांची रांग. मग दुसरा उठला, 'मिळवला कसला, इंग्रजांनी बक्षीस दिला.' दुपारपर्यंत नुसती हाणामारी. सगळे साठी ओलांडलेले, सगळे अलिबागच्या आसपास वाढलेले, आणि एकालाही आपल्या आळीतले शनवार तेली आठवू नयेत? मी चार ओळी लिहिल्या तर उत्तर आलं, 'मॅडम, इतिहासात भावना आणू नका.' म्हणून इथे लिहितेय. इथे निदान माझी माणसं आहेत, तुम्हाला पहिल्यापासून समजवावं लागत नाही.

आमच्या घराला लागून मावशीचं घर. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. घाणा कधीच गेला होता, पण शनिवारी काम बंद ठेवणारे तेली हे नाव मागे राहिलं होतं. नऊवारी नेसायची, मराठीत भांडायची, हिब्रूत प्रार्थना करायची. मटणाबरोबर दूधदुभतं चालत नाही म्हणून त्यांच्याकडे सगळा कारभार नारळाच्या दुधावर, आणि त्यासाठी परसात एक काळा पाटा. शुक्रवारी ऊन उतरायच्या आत तो धुऊन भिंतीला उभा केलेला दिसला की आम्ही पोरं समजायचो, उद्या मावशीची चूल बंद.

१९७० साली ती इस्रायलला निघाली. पाटा विमानात कोण नेऊ देणार? आमच्या आईच्या हवाली केला. म्हणाली, "परत आले की घेईन." आई म्हणाली, "परत यायचंय तर जातेस कशाला?" मावशी हसली नुसती. मी आठ वर्षांची होते. त्या दिवसापासून माझा प्रश्न तोच आहे, कशाला गेली?

आता पोस्टरवाल्यांनो, ऐका. दोन हजार वर्षं सगळे ज्यू सामान बांधून बसले होते असं काही नव्हतं. प्रार्थनेत जेरुसलेम रोज होतं, पण प्रार्थना वेगळी आणि जमीन खरेदी वेगळी. १८८१ नंतर रशियात ज्यूंची घरंदारं लुटली, जाळली गेली. लोक पळाले, पण कुठे? पहिल्या महायुद्धापर्यंत वीस लाखांवर माणसं अमेरिकेला गेली. पॅलेस्टाइनला, म्हणजे आज जिथे इस्रायल आहे तिथे, गेली ती मूठभर. थिओडोर हर्झल, ज्याला इस्रायलवाले राष्ट्राचा द्रष्टा मानतात, त्याच्या व्हिएन्नाच्या घरी नाताळचं झाड उजळायचं! पत्रकार माणूस. पॅरिसमध्ये ड्रेफस नावाच्या ज्यू कॅप्टनवर देशद्रोहाचा खोटा खटला चालला, तो त्याने जवळून पाहिला. क्रांतीच्या, समतेच्या फ्रान्समध्ये हे होतं, मग कुठे होणार नाही? १८९६ मध्ये त्याने ज्यूंच्या राज्याची कल्पना मांडणारी पुस्तिका लिहिली, पुढच्या वर्षी परिषद बोलावली. ती व्हायची होती म्युनिकला. तिथल्या ज्यू पुढाऱ्यांनीच हरकत घेतली, आमची जर्मन निष्ठा संशयात येईल म्हणून. मग ती स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला गेली. त्याच १८९७ मध्ये रशियाच्या अमलातल्या विल्नात ज्यू कामगारांचा 'बुंद' हा पक्ष निघाला. तो म्हणे, जिथे राहतो तिथेच हक्क मिळवू. आणि आपल्या मुंबईच्या बेने इस्रायलांना परिषदेचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी नकार कळवला. परत न्यायचं तर देव नेईल, अशी त्यांची श्रद्धा. मला विचाराल तर त्यांना इथे कुणी मारलंच नव्हतं, मग घाई कसली?

आणि 'बक्षीस'वाल्यांनो, तुम्हीही. ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोरचं १९१७ चं पत्र मला पाठ आहे, शिकवलंय मी. एक वाक्य काय ते. ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये 'राष्ट्रीय घर', आणि तिथे राहणाऱ्या बाकीच्यांचे नागरी व धार्मिक हक्क शाबूत. बाकीचे म्हणजे दहातले नऊ! अरबांचं नावसुद्धा नाही त्यात. याला सर्वात कडाडून विरोध कुणी केला? एडविन मॉन्टेग्यूने. तोच, मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमधला, आपला भारतमंत्री, स्वतः ज्यू. त्याला वाटलं, यापुढे मला माझ्याच देशात परका म्हणतील. आणि १९३९ ला याच इंग्रजांनी श्वेतपत्रिका काढली, पाच वर्षांत पॅलेस्टाइनमध्ये फक्त ७५ हजार ज्यू येतील. कधी? युरोपात भट्ट्या पेटायच्या तोंडावर. बक्षीस म्हणे!

बरं, मान्य. त्यांनी कष्ट केले. रोजच्या बोलण्यातून गेलेली हिब्रू बेन येहुदासारख्यांनी पोरांच्या तोंडी घातली, हे मराठीच्या नावाने नुसते गळे काढणाऱ्या आपल्याला जमलेलं नाही.

पण तो देश उभा राहिला त्याचं मोठं कारण, बाकीच्या जगाने दारं लावून घेतली हे. अमेरिकेने १९२१ ला बाहेरून येणाऱ्यांवर कोटा आणला, १९२४ ला तो आणखी आवळला. १९३८ मध्ये ज्यू निर्वासितांचं काय करायचं म्हणून फ्रान्समधल्या एव्हियाँला ३२ देश जमले, हळहळले आणि बहुतेक सगळे हात हलवत घरी गेले. मग ६० लाख माणसं मारली गेली. त्यानंतर छावण्यांत उरलेल्यांना कुठल्या तोंडाने सांगणार होतात, जिथे राहता तिथेच हक्क मिळवा? बुंदवाल्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता हो. तो मांडणारी माणसंच उरली नाहीत.

हे लिहिताना सकाळचा राग जरा उतरला. पण पुढचं आठवलं की परत चढतो. २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीवर मतदान झालं, ३३ विरुद्ध १३. आपण विरोधात होतो, आपली स्वतःची जखम तीन महिन्यांची होती. १४ मे १९४८ ला, शुक्रवारी, शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, लागायच्या आत ज्यू पुढारी बेन-गुरियननी तेल अवीवमध्ये इस्रायलच्या स्थापनेची घोषणा वाचली. पाटा धुऊन ठेवायची वेळ ती, मावशीच्या हिशेबाने. आणि त्या सुमारास पेटलेल्या लढाईत सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरांबाहेर गेले, त्यांना परत येऊ दिलं नाही. युरोपच्या पापाचं बिल त्यांच्या नावावर फाडलं. पोस्टरवर हे कुठे आहे?

एक जण आता गांधी काढेल, दुसरा सावरकर. काढा. गांधींनी १९३८ ला विरोधात लिहिलं, सावरकरांनी १९४७ ला स्वागत केलं. मावशीने दोघांनाही विचारलं नव्हतं.

आणि तिच्या माणसांचं तिथे काय झालं? १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला काही बेने इस्रायल तिथल्या वागणुकीला कंटाळून धरणं धरून भारतात परतले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, फर्मान काढलं, यांची लग्नं लावण्याआधी पिढ्या तपासा. पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं असं जे सांगतात आणि तेव्हापासून शनिवार पाळतात, त्यांना विचारत होते, तुम्ही पुरते ज्यू का? दोन वर्षं भांडून, मोर्चे काढून ते मागे घ्यायला लावलं. तरीही, हे सगळं माहीत असूनही, मावशी गेली.

१९९२ ला दोन्ही देशांच्या वकिलाती उघडल्या, पुढच्या वर्षी ती आली. केस पांढरे, नऊवारीच्या जागी झगा. आल्या आल्या परसात. पाट्यावरून तळवा फिरवला आणि आईवर डाफरली, "गुळगुळीत झालाय की गं! टाकी नाही लावलीस?" रात्री मी धीर करून विचारलं, का गेलीस? मला वाटलं होतं, वचनभूमी वगैरे काहीतरी म्हणेल. म्हणाली, "सगळेच निघाले गं. मशिदीत प्रार्थनेला दहा पुरुष जमेनात. एकटी कशी राहू?" सिनेगॉगला ती मशीदच म्हणायची.

"मग पाटा नेतेस?"

"ठेव. तिथे मिक्सर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाथरवटाला शोधून आणला, मोडा टाकून शेजारी बसली आणि दीड तास पाट्याला टाकी लावून घेतली. पैसे आईला देऊ दिले नाहीत.